इंग्रजीचा परवाना आणि परवानेदार

परदेशी विद्यापीठात प्रवेश मागणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला आज जे खर्च सर्वांत आधी करावे लागतात, त्यांत इंग्रजी येत असल्याच्या दाखल्याचा खर्च अग्रभागी असतो. आयईएलटीएस या सर्वांत प्रचलित परीक्षेचे शुल्क १७-१८ हजार रुपयांच्या घरात गेले असून तिच्या निकालाची मुदत अवघी दोन वर्षांची आहे. अपेक्षित श्रेणीत अर्ध्या अंकाची उणीव राहिली की पुन्हा शुल्क आणि पुन्हा परीक्षा हे ओघानेच आले. निमसरकारी कारकुनाच्या वा विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाच्या मुलाला हा आकडा किती जड जातो, हे या वाचकवर्गाला निराळे सांगावयास नको.

अशी परीक्षा ही काही सनातन गोष्ट नव्हे. आनंदीबाई जोशी १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात गेल्या, तेव्हा त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिलेले अर्जाचे पत्र हाच त्यांच्या भाषेचा पुरावा होता. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेल्या डॉ. आंबेडकरांनाही मुंबई विद्यापीठाची पदवी पुरेशी ठरली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशी विद्यार्थ्यांची संख्या वाढली, नाना देशांच्या नाना पदव्यांचे मोल ठरविणे विद्यापीठांना अवघड होऊ लागले आणि त्या अडचणीतून १९६४ साली अमेरिकेत टोफेलचा जन्म झाला. ब्रिटिशांनी १९८० साली अशीच चाचणी सुरू केली. तिचेच सुधारलेले रूप म्हणजे १९८९ ची आयईएलटीएस. व्याख्यान कळत नाही, प्रबंध लिहिता येत नाही, अशा अवस्थेत विद्यार्थ्याला हजारो मैल नेऊन नापास करण्यापेक्षा आधीच त्याची भाषा तपासणे हे त्याच्याही हिताचे आहे. परीक्षेच्या मूळ हेतूविषयी म्हणूनच कोणाला तक्रार असण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती या हेतूचे पुढे जे झाले त्याविषयी. विद्यापीठाने विद्यार्थी पारखण्यासाठी वापरावयाचे साधन हळूहळू सरकारांच्या हाती गेले आणि व्हिसाच्या कचेरीतील चाळणी बनले. ब्रिटनच्या नियमांत काही देशांच्या नागरिकांना इंग्रजीचा पुरावा मागितला जात नाही. या यादीत ऑस्ट्रेलिया, अमेरिका आहेतच. पण बेलिझ, गयाना आणि माल्टाही आहेत. भारत नाही. बहुसंख्य जनता इंग्रजी बोलते असे देश, हा या यादीमागचा निकष सांगितला जातो आणि तो लावला तर भारत बाहेर राहणार हे उघड आहे. मात्र माल्टात घराघरांतून माल्टी भाषाच बोलली जाते; तेव्हा निकष सर्वत्र सारख्याच काटेकोरपणे लावला आहे, असे म्हणवत नाही. ज्या देशाच्या उच्च न्यायालयांची भाषा राज्यघटनेच्या ३४८ व्या कलमान्वये इंग्रजी आहे, त्या देशातला इंग्रजी माध्यमाचा पदवीधर भाषेच्या रांगेत उभा राहतो आणि माल्टाचा नागरिक बिनदिक्कत पुढे जातो! पदवी अभ्यासक्रमापुरती ब्रिटिश विद्यापीठांना स्वतः निर्णय घेण्याची मुभा आहे आणि अनेक विद्यापीठे आपल्याकडील बारावीच्या इंग्रजीचे गुण ग्राह्यही मानतात. पण त्यांचे नियम विद्यापीठागणिक बदलतात आणि केंद्रीय मंडळाला एक माप, राज्य मंडळांना दुसरे, असाही प्रकार आढळतो. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यापर्यंत ही माहिती पोहोचतच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचते ती शिकवणी वर्गाची जाहिरात.

यात व्यापाराचा भाग किती आहे, हेही पाहिले पाहिजे. आयईएलटीएसचे मालक तीन: ब्रिटिश कौन्सिल, केंब्रिज आणि आयडीपी ही ऑस्ट्रेलियन कंपनी. २०२१ साली ब्रिटिश कौन्सिलने भारतातील आपला या परीक्षेचा व्यवसाय १३ कोटी पौंडांना आयडीपीला विकला आणि तेव्हापासून भारतात ही परीक्षा घेणारी संस्था एकच उरली. आता हीच कंपनी विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवून देण्याचा व्यवसायही करते आणि त्याबद्दल विद्यापीठांकडून मोबदला घेते. सल्ला देणारा, परीक्षा घेणारा आणि प्रवेशावर दलाली मिळविणारा एकच असावा, ही व्यवस्था कायद्यात बसत असेलही. गुणदानात काही काळेबेरे आहे, असा आरोप करण्याचे कारण नाही. तथापि आपल्या विद्यापीठाच्या परीक्षक मंडळावर खाजगी शिकवणी वर्गाचा चालक बसला, तर आपण जो प्रश्न विचारू तोच येथेही विचारावयास हवा.

शिवाय परीक्षेवर सारा भविष्यकाळ टांगला की तिच्याभोवती लबाडीही गोळा होते. २०१४ च्या फेब्रुवारीत बीबीसीने लंडनमधील एका केंद्रावरचा गैरप्रकार उघड केला. तेथे उमेदवाराच्या जागी भलताच माणूस इंग्रजी बोलत होता. ही परीक्षा टोइक नावाची होती आणि तिचे चालक टोफेलचेच. त्यांनी ब्रिटनमधील सुमारे ५८ हजार चाचण्या तपासून त्यांतील ९७ टक्के संशयास्पद ठरविल्या. पैकी सुमारे ३४ हजार थेट अवैध. गृहखात्याने त्या यादीवर विसंबून धडाधड व्हिसा रद्द केले. त्यांत भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते आणि अनेकांना अपिलाचा हक्क मिळाला तो देश सोडून गेल्यावरच बजावता येणारा. फसवणूक फार मोठ्या प्रमाणावर झाली होती, हे पुढे न्यायाधिकरणांनीही मान्य केले. पण काही निरपराधही त्यात भरडले गेले असावेत आणि गृहखात्याने त्यांचा शोध घेण्याची पुरेशी तसदी घेतली नाही, असा ठपका ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ साली ठेवला. गुन्हा केंद्रचालकांचा, देखरेखीतील हयगय सरकारची आणि आयुष्याची वाताहत मात्र विद्यार्थ्याची, असा हा हिशेब आहे.

आपणही या बाबतीत निर्दोष नाही. २०२२ साली कॅनडातून नावेने अमेरिकेत शिरू पाहणारे मेहसाणा जिल्ह्यातील चार तरुण पकडले गेले. न्यायाधीशांच्या साध्या प्रश्नांना त्यांना इंग्रजीत उत्तर देता येईना, दुभाषी बोलवावा लागला. आणि कागदोपत्री त्यांच्या आयईएलटीएसच्या श्रेणी होत्या साडेसहा ते सात. परीक्षा दिली होती नवसारीच्या केंद्रावर. अशा एकेका प्रकरणाची किंमत पुढे खऱ्याखुऱ्या सात श्रेणी मिळविणाऱ्या शेकडो मुलांना संशयाच्या रूपाने मोजावी लागते.

लबाडीला उपाय म्हणून यंत्राकरवी गुणदान करण्याकडे आता कल आहे. तेथेही सारे आलबेल नाही. २०१७ साली ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका आयरिश पशुवैद्य महिलेला, जिची मातृभाषाच इंग्रजी, यंत्राने बोलण्याच्या ओघात अनुत्तीर्ण केले होते! मराठी वळणाने इंग्रजी बोलणाऱ्या मुलाने मग कोणाकडे दाद मागावी?

हे सर्व खरे असले तरी परदेशी विद्यापीठे आपल्या दाखल्यांवर विश्वास का ठेवीत नाहीत, या प्रश्नाला आपल्याला टाळता येणार नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. बारावीला इंग्रजीचे २० गुण तोंडी परीक्षा व अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते महाविद्यालयाच्याच हाती असतात आणि किती सढळ हाताने दिले जातात हे शिक्षक जाणतात. इंग्रजी माध्यमाच्या पदवी वर्गांतही व्याख्यान मराठीत, टिपणे मार्गदर्शिकेतून आणि उत्तरपत्रिका तेवढी इंग्रजीत, हे चित्र दुर्मीळ नाही. त्यात मराठीचा काही दोष नाही. विषय समजावयाचा तर तो आपल्या भाषेतच समजतो. पण अशा पदवीवर ‘शिक्षणाचे माध्यम इंग्रजी’ असा शिक्का मारून तो परदेशात चालावा, अशी अपेक्षा धरणे धाडसाचे आहे.

सर्वांत मोठा अन्याय होतो तो मात्र ज्यांच्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या आहेत त्यांच्यावर. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती शुल्क देते, निर्वाह देते, विमानभाडेही देते. परंतु ती मिळण्यापूर्वी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हवे, आणि बिनशर्त प्रवेशपत्रासाठी भाषेची अट आधी पुरी व्हावयास हवी. म्हणजे ज्या वेळी खिशात काहीच नाही, नेमके त्याच वेळी परीक्षेचे आणि शिकवणीचे पैसे भरावयाचे. ज्याला ते जमत नाही, त्याचा अर्ज नाकारलाही जात नाही. तो कोणाच्या मेजावर येतच नाही, आणि म्हणून कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

परदेशी सरकारांच्या याद्या आपल्याला बदलता येणार नाहीत. पण पात्र विद्यार्थ्याचे एका परीक्षेचे शुल्क समाजकल्याण खात्याने आगाऊ भरणे ही राज्याच्या आवाक्यातील गोष्ट आहे, आणि शिष्यवृत्तीवर एका विद्यार्थ्यामागे जो खर्च होतो त्याच्या मानाने ही रक्कम नगण्य आहे. दुसरे काम विद्यापीठांचे. माध्यमाच्या दाखल्यासाठी आज विद्यार्थी महाविद्यालयाच्या कचेरीत खेटे घालतो आणि प्रत्येक महाविद्यालय आपापल्या मजकुराचे पत्र देते, जे परदेशातील लिपिकाला ओळखताही येत नाही. तो दाखला विद्यापीठाने स्वतः, एकाच नमुन्यात, गुणपत्रिकेबरोबरच द्यावा, आणि जेथे अध्यापन खरोखर इंग्रजीत झाले असेल तेथेच द्यावा.