‘सोलापुरात काय आहे बघायला?’

नाताळच्या सुट्टीत ऑफिसमधला एक मित्र त्याची बायको, आई आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन पुण्याहून आमच्या घरी सोलापूरला आला. तीन दिवसांसाठी. बॅगा खाली ठेवायच्या आत बाबांनी कार्यक्रम जाहीर केला, “उद्या तुळजापूर, परवा अक्कलकोट, तेरवा पंढरपूर. सोलापुरात काय आहे की बघायला?”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. तुम्ही सोलापूरचे असाल तर तुम्हीही पाहुण्यांसमोर ते म्हटलं असेल, वर हसलाही असाल. आम्हाला वाटतं हा आमचा साधेपणा. माझं म्हणणं आहे की ही एक खोटी गोष्ट आहे, आणि ती आम्हाला फार महागात पडलेली आहे.

देवस्थानांशी माझं भांडण नाही. मित्राच्या आईला तुळजापूरला जायचंच होतं, आम्ही गेलोही. भांडण याच्याशी आहे की तीन देवस्थानांच्या मध्ये झोपायची आणि शेंगा चटणी विकत घ्यायची जागा, एवढंच आमचं शहर उरलंय. आणि ते बाहेरच्यांनी केलेलं नाही.

पहिल्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना भुईकोट किल्ल्यावर नेलं, मग शेजारच्या तलावातल्या सिद्धेश्वर मंदिरात. सिद्धराम बाराव्या शतकातले, बसवेश्वरांच्या काळातले, आणि त्यांनी वचनं लिहिली ती कन्नडमध्ये. मित्र म्हणाला, “म्हणजे तुमचं ग्रामदैवत कन्नड कवी आहे?” मी दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरलोय, नंदीध्वज पाहिलेत, पण हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ज्या शहरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी ऐकू येते, तिथल्या मुलाला हे एका पुणेकराने सांगावं लागलं.

संध्याकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबलो. मुलीने विचारलं, “काका, हे चौघं कोण?” मला दोनच नावं आठवली. दहावीपर्यंत मी रोज त्या चौकातून सायकलने गेलोय. मी अडखळलो तेव्हा मागून बाबांनी एका दमात सांगितलं, मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गिरणी कामगार रस्त्यावर उतरले, इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला. १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. बाबांना सगळं पाठ होतं. काल जो माणूस ‘काय आहे बघायला’ म्हणत होता, तोच.

दुसऱ्या दिवशी तुळजापूर करून आलो. तिसऱ्या दिवशी पंढरपूर रद्द करून आम्ही हत्तरसंग कुडलला गेलो. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. हरिहरेश्वर मंदिरात एक बहुमुखी शिवलिंग आहे, त्यावर ३५९ मुखं कोरलेली आहेत. मुलीने मोजायला सुरुवात केली आणि पन्नासच्या आसपास सोडून दिली. शेजारच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या कालनिश्चित लेखांपैकी हा एक. तो वाचून प्रकाशात आणला सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी. शेवटच्या ओळीचा अर्थ असा की जो हे वाचेल तो विजयी होईल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसभर फुलांचे आणि भगव्या झेंड्यांचे स्टिकर येत होते. मीही टाकले. परवा त्याच ग्रुपवर विचारलं, कुडलला कोण कोण गेलंय? दोघं.

तुम्ही म्हणाल, सोयी कुठे आहेत? बरोबर आहे. त्या तीन दिवसांत एका ठिकाणी माहितीचा फलक इतका पुसलेला होता की वाचता आला नाही. एका ठिकाणी स्वच्छतागृह सापडलं नाही आणि मित्राच्या आईचे हाल झाले. ज्या शहरात वर्षानुवर्षं काही दिवसांआड नळाला पाणी येत आलंय, तिथे पर्यटनाच्या गप्पा मारणं जरा विनोदीच. पण फलक पुसला गेल्याची तक्रार तरी कोणी केली? ज्याला वाटतं की इथे बघण्यासारखं काही नाही, तो कशाला करेल? सोयी नाहीत म्हणून कुणी जात नाही हे जितकं खरं, तितकंच कुणी जात नाही म्हणून सोयी मागितल्या जात नाहीत हेही खरं आहे.

मित्र गेल्यावर रात्री मी बाबांना विचारलं, “तुम्हाला एवढं माहीत होतं, तर मला कधी का नाही नेलंत?” ते थोडा वेळ टीव्हीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “नेऊन काय करायचं होतं? तुझे आजोबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली, तेव्हाच ठरवलं की पोराला इथं ठेवायचं नाही. गाव आवडायला लागलं असतं तर गेला असतास का तू?”

मला उत्तर देता आलं नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गातले बहुतेक जण आज पुण्यात, हैदराबादेत किंवा बेंगळुरूत आहेत. आमच्या आईवडिलांनी आम्हाला गावाचं प्रेम लागू दिलं नाही, कारण पोटाची सोय इथे नव्हती. त्यांना मी दोष देत नाही. गिरण्यांचं जे झालं ते त्यांनी पाहिलंय.

पण आपण? आपल्याला नोकऱ्या लागून पाच-सात वर्षं झाली. घाबरायचं कारण संपलं, तरी वाक्य तेच चालू आहे. हिंजवडीत कॅन्टीनमध्ये कुणी विचारलं, सोलापूरला काय आहे, की आपण हसत म्हणतो, चादरी आणि ऊन. ज्या मातीतून कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि तिथल्या रुग्णांवर उपचार करता करता बत्तिसाव्या वर्षी वारले, तिच्याबद्दल आपल्याकडे एवढे दोनच शब्द? त्यांच्या घराचं स्मारक झालंय. मी अजून आत गेलेलो नाही, हेही इथे कबूल करतो.

म्हणून यापुढे पाहुणे आले की एक दिवस शहरासाठी मागून घ्या. तुळजापूर दुसऱ्या दिवशी करा, आई रागावणार नाही. हुरड्याच्या दिवसांत बोलवा, म्हणजे कुडलच्या वाटेवर कुणाच्या तरी शेतात थांबता येईल. आणि निघण्याआधी चारही नावं पाठ करून जा. लहान मुलं हमखास विचारतात.