विश्लेषण : हँडल वळते, पण स्नोमोबाइल का वळत नाही?

जानेवारीतली सकाळ, अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातला जंगलातून जाणारा बर्फाचा ट्रेल. वळण समोर येते, चालक हँडल पूर्ण डावीकडे नेतो, पुढच्या दोन्ही स्की वळलेल्या स्पष्ट दिसतात, आणि तरीही स्नोमोबाइल सरळ झाडांच्या दिशेने सरकत राहते. स्नोमोबाइल चालवणाऱ्या बहुतेकांनी हा अनुभव एकदा तरी घेतलेला असतो. त्यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे पुढच्या हंगामात नवे, जास्त ताकदीचे मशीन. प्रत्यक्षात या दुखण्याचे औषध अनेकदा टूलकिटमधल्या पान्यात असते आणि त्याला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. हौशी चालक इंजिनावर जितके बोलतात त्याच्या दहावा भाग जरी सस्पेन्शनवर बोलले, तरी कित्येक वळणे सुखरूप पार पडतील.

मुळात हे वाहन वळते कसे?

स्नोमोबाइलला पुढे चाके नसतात, दोन स्की असतात. मागे रुंद रबरी पट्टा, म्हणजे ट्रॅक, फिरतो आणि तोच वाहन ढकलतो. कॅनडातील क्युबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी दातेरी चाकावर फिरणाऱ्या ट्रॅकचे पेटंट १९३७ मध्ये मिळवले. त्याआधी १९३४ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ते बंद असल्यामुळे त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला रुग्णालयात नेता आले नव्हते आणि तो दगावला होता. १९५९ मध्ये त्यांनी ‘स्की-डू’ बाजारात आणली आणि एका-दोघांनी बसायची हलकी स्नोमोबाइल घरोघरी पोहोचली.

ट्रॅक लांब आणि सरळ असतो. त्याला वळायचे नसते, त्याला फक्त पुढे ढकलायचे असते. वळवण्याचे काम स्कीच्या तळाशी बसवलेल्या एका बारीक धातूच्या पट्टीवर असते. तिच्यात कार्बाइडचे कठीण तुकडे जडवलेले असतात आणि ते घट्ट झालेल्या बर्फात सुरीसारखे रुततात. हँडल किती वळले याला फार महत्त्व नाही. कार्बाइड किती रुतली याला आहे, आणि ती रुतण्यासाठी स्कीवर वजन हवे. पुढचे सगळे गणित या एका गोष्टीभोवती फिरते.

स्कीवरचे वजन ठरते कशाने?

आपल्याकडच्या स्कूटरचे उदाहरण घेतले की हे चटकन समजते. मागे दोघे बसले की स्कूटर मागे दबते, हँडल हलके लागू लागते आणि रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांकडे पाहू लागतो. स्नोमोबाइलचेही तसेच होते. मागचे सस्पेन्शन मऊ असेल, चालक जड असेल किंवा मागे सोबती आणि सामान असेल, तर मागचा भाग बसतो आणि स्कीवरचे वजन उतरते. वर थ्रॉटल दिला की उरलेसुरले वजनही मागे सरकते. म्हणूनच वळणात गॅस दाबून धरणाऱ्याची स्नोमोबाइल सर्वात आधी सरळ जाते.

हे वजन बदलण्याच्या चार मुख्य जागा आहेत. पुढच्या दोन स्कींच्या स्प्रिंग ही पहिली. या स्प्रिंगला आधीपासून दिलेला दाब, म्हणजे प्रीलोड, वाढवला की स्की जास्त रुततात. पण तो अति वाढवला की हँडल जड होते, वळणात आतली स्की उचलली जाऊ लागते आणि दुपारपर्यंत मनगटे भरून येतात. मागच्या स्प्रिंग ही दुसरी जागा. त्या घट्ट केल्या की मागचा भाग वर राहतो आणि वजन पुढे जाते.

खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या जागेत आहे, आणि नवखे चालक नेमके तिथेच फसतात. ट्रॅकच्या आत, पुढच्या बाजूला एक मधला शॉक असतो. त्याची स्प्रिंग घट्ट केली तर पुढची पकड वाढेल, असे कोणालाही वाटते. होते उलटे. ती स्प्रिंग ट्रॅकचा पुढचा भाग खाली दाबते, त्यामुळे वाहनाचे नाक उचलले जाते आणि स्की हलक्या होतात. हँडल जड वाटत असेल तर हा उपाय बरोबर, पण वळण चुकत असेल तर दुखणे वाढवणारा. त्याच्याजवळच लिमिटर पट्टा असतो. ट्रॅकचा पुढचा भाग किती खाली जाऊ शकतो, यावर तो मर्यादा घालतो. पट्टा एक भोक आखूड केला की थ्रॉटल देताना नाक कमी उचलते आणि स्की बर्फावर टिकतात. सैल सोडला की ट्रॅकला सुरुवातीची पकड जास्त मिळते, स्टीअरिंग मात्र हलके होते. खोल भुसभुशीत बर्फात डोंगर चढणाऱ्याला सैल पट्टा आवडतो, तर वळणावळणाच्या ट्रेलवर जाणाऱ्याला आखूड. दोघांची स्नोमोबाइल एकाच सेटिंगवर उत्तम चालेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पाना हातात घेण्याआधी काय पाहावे?

झीज. स्प्रिंगशी खेळत बसलेल्या अनेकांच्या स्कीखालची कार्बाइडच गुळगुळीत झालेली असते. धार गेलेली कार्बाइड कितीही वजन टाकले तरी रुतत नाही. स्की धरून हलवून पाहावी. खटखट जाणवली तर टाय रॉडची टोके किंवा बुश गेले आहेत, आणि ते बदलल्याशिवाय बाकी सर्व मेहनत वाया. ट्रॅकचा ताण आणि तो मध्यभागी फिरतो की नाही, हेही मॅन्युअलप्रमाणे तपासायला हवे. बर्फावर पकड मिळावी म्हणून काही जण ट्रॅकला खिळ्यांसारखे स्टड बसवतात. त्यांनी पुढची कार्बाइडही त्या मानाने दमदार घ्यावी, नाहीतर मागची पकड पुढच्या पकडीवर मात करते आणि वाहन वळणात आणखी सरळ जाते.

‘सॅग’ म्हणजे काय, आणि तो का मोजायचा?

चालक बसल्यावर वाहन किती दबते, ते म्हणजे सॅग. मोजण्यासाठी दोन माणसे आणि एक मोजपट्टी पुरते. आधी मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळे करायचे आणि जमिनीपासूनची उंची लिहून घ्यायची. मग चालकाने हेल्मेट, बूट, जॅकेट अशा संपूर्ण पोशाखात बसायचे, वाहन दोन-तीनदा दाबून सोडायचे आणि पुन्हा उंची घ्यायची. दोन्हींतला फरक म्हणजे सॅग. ढोबळमानाने तो सस्पेन्शनच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा, असे मानले जाते. प्रत्येक मॉडेलचा आकडा मात्र वेगळा असतो आणि मॅन्युअलमधलाच आकडा अंतिम.

पूर्ण पोशाखाचा आग्रह उगाच नाही. थंडीचे कपडे आणि पाठीवरची बॅग धरली की कित्येक किलो वाढतात. कारखान्यातून स्नोमोबाइल निघते ती एका सरासरी वजनाच्या चालकासाठी. ५५ किलोची तरुणी आणि ११० किलोचा गृहस्थ दोघेही त्याच सेटिंगवर निघाले, तर एकीला वाहन दगडासारखे लागेल आणि दुसऱ्याचे प्रत्येक खड्ड्यात तळाला आपटेल. सॅग जमला की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, आणि मगच मधल्या शॉककडे किंवा लिमिटर पट्ट्याकडे वळावे. एका वेळी एकच बदल करावा, त्याच ट्रेलच्या त्याच तुकड्यावर चालवून पाहावा आणि मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. तीन गोष्टी एकदम फिरवणाऱ्याला नेमके कशाने जमले हे कळत नाही, आणि बिघडले तर परतही येता येत नाही.

स्की एकमेकींना अगदी समांतर का नसतात?

कारचे अलाइनमेंट टायरच्या दुकानात होते, तसे इथेही असते. हँडल सरळ धरल्यावर दोन्ही स्कींची पुढची टोके मागच्यापेक्षा किंचित बाहेर हवीत. फरक काही मिलिमीटरचाच. टोके आत वळलेली असतील तर वाहन रस्ता सोडून भटकते आणि कार्बाइडही लवकर झिजते. मोजताना दोन्ही स्कींची टोके लवचीक दोरीने एकमेकींकडे ओढून धरायची, म्हणजे सांध्यांतली ढिलाई निघून जाते. त्यानंतर ट्रॅकच्या कडेला लांब सरळ पट्टी लावून अंतर घ्यायचे. टाय रॉड फिरवून दुरुस्ती करता येते. पण त्याचा लॉकनट सांगितलेल्या टॉर्कने आवळण्याचे साधन जवळ नसेल, तर हे काम मेकॅनिककडेच द्यावे. धावत्या स्नोमोबाइलचा टाय रॉड सुटणे ही चूक दुसऱ्यांदा करायला मिळतेच असे नाही.

अलाइनमेंट ठीक असूनही घट्ट ट्रेलवर हँडल डावी-उजवीकडे ओढले जाते, तेव्हा दोष बहुधा आधी गेलेल्या वाहनांनी पाडलेल्या चरांचा असतो. स्की त्या चरांत रुळावरच्या चाकासारखी अडकते. स्कीवरचा दाब थोडा कमी करणे किंवा दोन समांतर कार्बाइड असलेली पट्टी बसवणे, हे त्यावरचे उपाय.

इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनने प्रश्न सुटला नाही का?

थोडाच. गेल्या काही वर्षांत महागड्या मॉडेलमध्ये बटणावर किंवा आपोआप मऊ-कडक होणारे शॉक आले आहेत. ते छान काम करतात, यात वाद नाही. पण ते प्रामुख्याने धक्का किती वेगाने जिरवायचा एवढेच ठरवतात. स्प्रिंगचा प्रीलोड, लिमिटर पट्टा, स्कीचे अलाइनमेंट आणि झिजलेली कार्बाइड यांना ते हात लावत नाहीत. कारखान्यातून १८० अश्वशक्तीचे टर्बो मशीन मिळण्याच्या या काळात चुकीच्या सॅगवर ती ताकद चालवणे म्हणजे फक्त झाडापर्यंत लवकर पोहोचणे. जाहिरातीत ताकदीचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. सॅगचा आकडा मॅन्युअलच्या पोटात.

जबाबदारी कोणाची?

मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७६ नंतर जन्मलेल्या रहिवाशांना स्नोमोबाइल चालवण्यासाठी सुरक्षा प्रमाणपत्र लागते. राज्यात २२ हजार मैलांहून अधिक ट्रेल आहेत आणि त्यांची देखभाल मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. एवढी व्यवस्था उभी करणाऱ्या समाजाला आणखी एक पाऊल जड नाही. नवे मशीन देताना डीलरने ग्राहकाला पूर्ण पोशाखात बसवून सॅग लावून द्यावा आणि तो आकडा पावतीवर लिहावा. चष्म्याच्या दुकानात फ्रेम कानामागे नीट बसवून देतात, तितकेच हे साधे आहे. प्रशिक्षणातही वाहतुकीच्या खुणांइतकाच वेळ या तपासणीला मिळायला हवा. ‘हे मेकॅनिकचे काम’ हा युक्तिवाद टाय रॉडपुरता मान्य, सॅगपुरता नाही.

गुलमर्गला किंवा परदेशात भाड्याने घेणाऱ्यांनी काय करावे?

हिवाळ्यात काश्मीरला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत गुलमर्गची स्नोमोबाइल फेरी हमखास असते. तिथे अनेकदा स्थानिक चालक पुढे आणि पर्यटक मागे बसतो, म्हणजे नेमकी मागे वजन वाढवणारी बैठक. मिनियापोलिस किंवा टोरांटोच्या मराठी कुटुंबांनी सुट्टीत भाड्याने घेतलेल्या दोन आसनी मशीनचेही तेच. अनेक मॉडेलमध्ये मागच्या स्प्रिंगला हाताने किंवा छोट्या पान्याने फिरवायचा खटका असतो आणि दोघांसाठी तो एक-दोन घरे पुढे घ्यायचा असतो. ‘दादा, दोघांसाठी मागचा शॉक घट्ट केलाय का?’ एवढे फेरीआधी विचारावे. स्वतः चालवायची असेल तर वेग घेण्याआधी मोकळ्या सपाट जागी दोन्ही बाजूंना एकेक वळण घेऊन पाहावे. हँडल वळवूनही वाहन सरळ जात असेल, तर ते परत करून दुसरे मागावे.