लूज, लूज आणि मराठी मीडियम

पुण्यातल्या कुठल्याही सॉफ्टवेअर कंपनीतल्या मेल्स चाळा. 'वुई विल लूज द क्लायंट' हे वाक्य कधी ना कधी सापडतंच, आणि त्यातल्या 'लूज'मध्ये हमखास एक ओ जास्तीचा असतो. म्हणजे काय, तर आम्ही क्लायंटला सैल करू! कँटीनमध्ये यावर हसून झालं की शेरा ठरलेला: "मराठी मीडियम दिसतंय."

मला हा शेरा मुळीच पटत नाही. चूक आहे हे मान्य, पण कारण वेगळं आहे.

असं बघा, आपली लिपी बरीचशी ऐकलं तसं लिहायची (ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ तूर्तास बाजूला ठेवू). त्यामुळे इंग्रजीही आपण कानानंच लिहितो. आणि बोलताना आपण काय म्हणतो? "पँट लूज झाली" आणि "मॅच लूज केली". दोन्हीकडे तेच! खरं तर सैल म्हणजे 'लूस', रसातला स. आणि गमावणं म्हणजे 'लूझ', झाडातला झ. 'प्लीज अ‍ॅडव्हाइस'चंही तेच. सल्ला हे नाम 'अ‍ॅडव्हाइस', त्यात सी. सल्ला देणं हे क्रियापद 'अ‍ॅडव्हाइझ', त्यात एस. 'दॅन' आणि 'देन' तर आपण सरसकट 'देन' करून टाकलेत. गंमत म्हणजे हे सगळे फरक देवनागरीत छान दाखवता येतात. उच्चार वेगळे केले की स्पेलिंगचा निम्मा गोंधळ तिथंच मिटतो.

उरलेल्या निम्म्यात कान कामाचा नाही. कॉलेजचे प्रिन्सिपल आणि तत्त्व या अर्थाचं प्रिन्सिपल, उच्चार एकच. स्टेशनरीचंही तसंच. अप्पा बळवंत चौकात मिळते ती वह्या-पेनांची स्टेशनरी ई घालून, आणि एका जागी स्थिर असलेलं ते ए घालून. दोघांचं मूळ मात्र एकच! मध्ययुगीन युरोपात विद्यापीठांच्या आसपास एका जागी दुकान थाटून पुस्तकं विकणारा, फिरता नसलेला, तो स्टेशनर. त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. (एनव्हलपचा ई आठवा, चुकणार नाही.) इथं भलेभले इंग्रजही अडखळतात.

स्पेलचेकरवर भिस्त ठेवू नका. 'मॅनेजर'मधला दुसरा ए गळला की उरते गुरांची गव्हाण, आणि तोही खरा इंग्रजी शब्द असल्यामुळे साधा स्पेलचेकर गप्प! आताची टूल्स संदर्भ बघून बरंच पकडतात, पण घाईत टाकलेल्या चॅटमध्ये ती नेहमी हाताशी असतातच असं नाही.

आता आपल्याच धंद्यातली एक गोष्ट. आपण कुठल्या पानावरून आलो हे ब्राउझर सर्व्हरला ज्या हेडरमधून सांगतो, त्या 'रेफरर'मध्ये एक आर कमी आहे. १९९६ सालच्या एचटीटीपी १.० च्या दस्तऐवजात तो तसाच छापला गेला आणि आजही जगभर तसाच चालतो. पुढे आलेल्या 'रेफरर-पॉलिसी' हेडरमध्ये मात्र स्पेलिंग बरोबर! ही चूक करणाऱ्यांचं मीडियम कुणी विचारलं नाही.

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली. त्याआधीची मुलं पाचवीत एबीसीडी गिरवायला बसली. आज पस्तिशी ओलांडलेली हीच मंडळी तुमचे आर्किटेक्ट आणि मॅनेजर आहेत.

म्हणून एवढंच म्हणणं आहे. क्लायंटला जाणारी मेल पुन्हा वाचा, कारण तिथं अर्थच बदलतो. पण एका जास्तीच्या ओपायी कुणाचा रेझ्युमे बाजूला टाकू नका. ज्युनिअरची चूक दिसली तर सगळ्यांना सीसी न करता त्याच्या डेस्कवर जाऊन 'लूस' आणि 'लूझ' एकदा मोठ्यानं म्हणून दाखवा. दोन मिनिटांचं काम आहे. त्याची शाळा कशाला काढायची?