नाण्यावरील सिंह आणि नाण्यामागील सत्ता

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूच्या रणभूमीवर नेपोलियनचा अखेरचा पराभव झाला. तेथील विजयी सेनापती वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे, शिंद्यांच्या फौजेचा पाडाव करणारा आर्थर वेलस्लीच होय. या लढाईच्या द्विशताब्दीनिमित्त २०१५ साली बेल्जियमने दोन युरोचे स्मारक-नाणे चलनात आणण्याचे ठरविले. फ्रान्सने त्यास हरकत घेतली. युरो हे समाईक चलन असल्याने ते नाणे फ्रेंच नागरिकाच्याही खिशात जाणार आणि तेथे त्याची प्रतिकूल प्रतिक्रिया उमटणार, असा युक्तिवाद होता. बेल्जियमला माघार घ्यावी लागली. परंतु रूढ नसलेल्या मूल्याचे नाणे सदस्य-राष्ट्राला स्वतःपुरते काढता येते. या नियमाचा आधार घेऊन अडीच युरोची ७०,००० नाणी पाडण्यात आली. ती बेल्जियमपुरतीच वैध होती आणि त्यांची विक्री सहा युरोला झाली. अडीच युरोचे नाणे सहा युरोला घेऊन कोणी बाजारात भाजी आणावयास जात नाही. विनिमयाचे साधन संग्राहकाच्या पेटीतील वस्तू बनले.

या नाण्यावर वॉटर्लूची सिंह-टेकडी आहे. ऑरेंजचा राजपुत्र जेथे जखमी झाला, त्या जागी नेदरलँड्सच्या राजाने ती उभारविली. १८२६ साली ती पूर्ण झाली. तिच्यासाठी माती वाहिली ती लीएज भागातील हमाल बायकांनी, पाठीवरच्या टोपल्यांतून, असे सांगितले जाते. त्या एका दिवसात मेलेले व जायबंदी झालेले सैनिक ४०,००० हून अधिक होते. नाण्यावर मात्र ना सैनिक आहे, ना टोपली. बेल्जियम हे राष्ट्रदेखील त्या लढाईनंतर १५ वर्षांनी, १८३० साली जन्मास आले.

हा वाद हास्यास्पद म्हणून सोडून देता येईल. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच युरोच्या क्षेत्रात काय घडले, हे ध्यानात घ्यावयास हवे. २९ जून २०१५ रोजी ग्रीसमधील बँकांना टाळे लागले आणि यंत्रातून दिवसाला ६० युरोच काढण्याची मुभा राहिली. ५ जुलैच्या सार्वमतात धनकोंच्या अटी ६१ टक्के मतदारांनी फेटाळल्या. पुढच्या आठवड्यातच ग्रीक सरकारला कठोर अटी मान्य कराव्या लागल्या. धनको राष्ट्रांतही मतदार होते, त्यांचा पैसा गुंतला होता, हे खरे. तरीही प्रश्न उरतोच. नाण्यावरील चित्राबद्दल एका सरकारने घेतलेली हरकत मानली जाते. निवृत्तिवेतन, मजुरी आणि रोजगार यांबद्दल एका जनतेने मतपेटीतून नोंदविलेली हरकत मात्र काही दिवसांत निष्प्रभ ठरते. एकाच चलनव्यवस्थेतील हा पंक्तिप्रपंच आहे.

राष्ट्राची अस्मिता नाण्याच्या पृष्ठभागावर कोरता येते; राष्ट्राचे सार्वभौमत्व ते नाणे कोण पाडतो, किती पाडतो आणि कोणाच्या गरजेसाठी पाडतो, यावर ठरते. पहिल्या गोष्टीसाठी सरकारे भांडतात, कारण ते भांडण स्वस्त असते. दुसरीसाठी कष्टकऱ्यांनाच संघटित व्हावे लागते. त्यासाठी चलन, व्याज आणि कर्ज हे विषय अर्थखात्याच्या दालनातून कामगारांच्या अभ्यासवर्गात आणणे, हे आजही अपुरे राहिलेले काम आहे.