काट्याची पावती आणि मोबाईलवरचा बाजार



ऊस काट्यावर चढला की आपण काय करतो? भरल्या गाडीचं वजन बघतो, रिकाम्या गाडीचं वजन बघतो, पावती हातात घेतो, तिच्यावरचा आकडा वाचतो आणि मगच परत फिरतो. कारखाना आपला स्वतःचा, संचालक आपणच निवडून दिलेले, तरीही पावतीशिवाय कोणी हलत नाही आणि त्याचा कोणाला रागही येत नाही. हा अविश्वास नव्हे, हा व्यवहार आहे. मग हाच सभासद न पाहिलेल्या दुकानदाराला, न पाहिलेल्या मालासाठी, मोबाईलवर एका बोटाने पैसे पाठवून मोकळा कसा होतो, हा प्रश्न आम्हांस पडला आहे.

प्रश्न पडण्यास कारणही तसेच घडले. आपल्या गटातील एका ज्येष्ठ सभासदाने गेल्या हंगामात मोबाईलवर बॅटरीच्या फवारणी पंपाची जाहिरात पाहिली. तालुक्याच्या दुकानात जो पंप तीन हजारांच्या आसपास मिळतो, तो इथे १,१९९ रुपयांना. "आज रात्रीपर्यंतच" असेही खाली लिहिलेले. पैसे भरले, पंप आला नाही. मग त्यांनी मोबाईलवरच त्या कंपनीचा नंबर शोधला. पलीकडचा माणूस मोठा गोड बोलला. "दादा, तुमचे पैसे परत करतो, फक्त हे ॲप घ्या आणि हा फॉर्म भरा." फॉर्मात एटीएम कार्डाचा नंबर मागितला होता. ॲपमुळे आपल्या मोबाईलचा पडदा त्याला दिसत होता. ओटीपी आला, तो त्याने तिकडे बसूनच वाचला. उसाच्या बिलाचे ४६ हजार रुपये दहा मिनिटांत गेले.

गेले ते गेलेच, पण पुढची गोष्ट आम्हांस अधिक लागली. नऊ दिवस त्यांनी घरात कोणाला सांगितले नाही. सोसायटीचा हप्ता भरायची वेळ आली तेव्हा मुलाला कळले. "अण्णा, आधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाले, "काय सांगायचं? म्हातारा खुळा झाला म्हणाल."

बांधवांनो, या नऊ दिवसांबद्दलच आम्हांस मुख्यतः बोलायचे आहे. फसवणुकीची तक्रार करण्यासाठी सरकारने १९३० हा नंबर दिला आहे. तिथे कळवले की पैसे ज्या खात्यात गेले आणि तिथून पुढे ज्या खात्यांत वळले, तिथे ते गोठवण्याचा प्रयत्न होतो. म्हणजे पाणी पाटात आहे तोवरच दार टाकायचे. एकदा पाणी ओढ्याला मिळाले की दार टाकून काय उपयोग? पहिल्या तासाला किंमत आहे ती यामुळे. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली जे नियम घालून दिले त्यांचेही तत्त्व हेच होते. ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर नुकसान ग्राहकाचे नाही. स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. दोन्हीकडून बघा, गप्प बसणारा तोट्यात.

म्हणून लाज वाटायची ती फसवणाऱ्याला वाटू द्या. मुकादम उचल घेऊन पळाला तर वाहतूकदार दहा गावांत ओरडून सांगतो. त्याला कोणी खुळा म्हणत नाही. मग मोबाईलवर फसलेल्यालाच घरात मान खाली का घालायला लावायची? घरातल्या तरुण मंडळींनी "तुम्हाला काय कळतंय" हे वाक्य आधी बंद करावे, अशी आमची स्पष्ट विनंती आहे. त्या वाक्याच्या भीतीनेच हे नऊ दिवस जातात.

काही मंडळी म्हणतात, शेतकऱ्याने या भानगडीत पडूच नये, आपला बाजारच बरा. हे आम्हांस मान्य नाही. मोटारीचा एखादा सुटा भाग तालुक्याला मिळत नाही, तो घरबसल्या येतो, योग्य भावात येतो. मग का घेऊ नये? बाजारात खिसेकापू असतात म्हणून आपण बाजार सोडला नाही, खिशावर हात ठेवायला शिकलो. तसाच हात इथेही ठेवायचा.

पहिली गोष्ट, पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी. क्यूआर कोड स्कॅन करायचा तोही देण्यासाठीच. "परतावा देतो, पिन टाका" असे जो म्हणेल तो चोर, इतके घरातल्या लहान-थोरांनी पाठ करावे.

दुसरी गोष्ट, कंपनीचा नंबर शोधयंत्रात शोधू नये. तिथे कोणीही आपला नंबर कंपनीच्या नावाने लावून ठेवू शकतो. नंबर घ्यावा तो ज्या ॲपवरून माल घेतला त्याच ॲपमधून किंवा बिलावरून. बँकेचे संकेतस्थळ तर आता ओळखू येते. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाच्या पत्त्यावर जायचे होते. आणि फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप, कोणतीही फाईल मोबाईलमध्ये घेऊ नये. ती घेणे म्हणजे चोराच्या हाती घराची किल्ली देणे.

तिसरी गोष्ट, पत्त्याशेजारी कुलूप दिसले म्हणजे दुकान खरे, असा एक समज आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमची माहिती वाटेत कोणी वाचणार नाही. पाकीट चिकटवलेले आहे, पण ते पोचते कोणाकडे हे कुलूप सांगत नाही. खरा दुकानदार ओळखायचा तर त्याचे नाव, पत्ता आणि तक्रार अधिकारी पाहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार हे देणे त्याला बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत, असाही नियम आहे. पत्ताच नसेल तर पुढे वाचूच नये. मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५.

शेतीच्या मालाबाबत तर दुप्पट सावध राहावे. कीटकनाशके ऑनलाईन विकण्यास २०२२ पासून मुभा आहे, पण ती परवानाधारकासच. बिलावर परवाना क्रमांक आणि बॅच नंबर नसेल तर उद्या ऊस पिवळा पडल्यावर कृषी अधिकाऱ्यापुढे काय ठेवणार? सौर पंपाचेही तसेच. कुसुम योजनेच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून नोंदणीचे पैसे उकळले जातात, असा इशारा केंद्राच्या मंत्रालयाने वेळोवेळी दिला आहे. पंप हवा असेल तर महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारावे, मगच पैसे भरावेत.

आता दोन शब्द आपल्या कारखान्याविषयी. उसाचे बिल पूर्वी हातात यायचे, आज खात्यात जमा होते. ही सुधारणाच झाली. पण पैसा जिथे पोचवला तिथे तो सांभाळण्याची अक्कलही पोचवावी, हे सहकाराचे काम आहे. आमची सूचना अशी की, प्रत्येक गट ऑफिसात एक जाणता कर्मचारी यासाठी नेमावा. सभासद घाबरून आला तर त्याच्यासमोर १९३० ला फोन लावून द्यावा, बँकेला कळवण्यास मदत करावी आणि ही गोष्ट चार भिंतींत ठेवावी. याला फार मोठा खर्च नाही. बिल जमा झाल्याच्या संदेशासोबत "पिन कोणाला सांगू नका" एवढी एक ओळ घातली तरी पुष्कळ. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळास आमची विनंती आहे.

आणि सभासदांनी एवढेच करावे. मोबाईलवर काही घेण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी. "आज रात्रीपर्यंतच" म्हणणारा उद्याही तिथेच असतो, आणि नसला तर तो नव्हताच असे समजावे. अठरा महिने शेतात उभ्या राहिलेल्या उसाचा पैसा दहा मिनिटांच्या घाईत कोणाच्या स्वाधीन करू नये. तरीही चूक झालीच, तर आधी फोन लावावा, मग डोक्याला हात लावावा.