पाण्याचा ताळेबंद कोणाच्या हाती?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळा हे गाव वसले आहे. पाठीशी अंबाबरवाचे जंगल आणि समोर दक्षिणेला पूर्णा नदीपर्यंत उतरत गेलेली काळी, सपाट जमीन. डोंगरातून येणारे नाले आपल्याबरोबर आणलेले गोटे व वाळू या पायथ्याशी टाकतात आणि त्या थरांतून पावसाचे पाणी जमिनीत मुरते. म्हणून पायथ्याच्या या अरुंद पट्ट्यात विहिरींना सामान्यतः गोडे पाणी लागते. दक्षिणेकडे जावे तसतसे जमिनीखालचे थर चिकणमातीचे होतात, पाण्याची हालचाल मंदावते आणि पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील खारपाणपट्टा सुरू होतो. एकाच तालुक्यात, एकाच पावसावर जगणाऱ्या दोन गावांपैकी एकाची विहीर गोडी आणि दुसऱ्याची खारट, असा हा प्रकार आहे.

खारपाणपट्टा हा काही नवा शोध नव्हे. त्याविषयी भूगर्भशास्त्रज्ञांनी लिहिले, शासकीय समित्यांनी लिहिले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातील ९३२ खारपाण गावे घेण्यात आली. असे असूनही एखाद्या ग्रामसभेत उभे राहून ‘गेल्या दहा वर्षांत आपल्या विहिरीतले क्षार वाढले की घटले?’ एवढाच प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर देईल असा कागद ग्रामपंचायतीच्या दप्तरात सहसा सापडत नाही. वास्तविक गावाच्या राजकारणात यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही.

याचे कारण आपल्या पाणीधोरणाच्या इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हादरा दिला आणि त्यानंतर राज्यभर विंधन विहिरींचे युग आले. पाणी लागले की काम यशस्वी. ते पाणी कसे आहे हा प्रश्न मागाहून. या दृष्टीचे परिणाम किती भयंकर होऊ शकतात, हे बंगालने दाखवून दिले आहे. गढूळ तळ्यांऐवजी स्वच्छ पाणी मिळावे या सद्हेतूने तेथे गावोगाव नळविहिरी खोदल्या गेल्या. त्या पाण्यात आर्सेनिक आहे हे १९८३ च्या सुमारास उघड झाले, ते रुग्णांच्या कातडीवर डाग उमटल्यानंतर. जे काम प्रयोगशाळेने आधी करावयाचे, ते गरिबांच्या देहांना करावे लागले.

आपल्याकडेही कायद्याची उणीव नाही. पाणी प्रदूषणविरोधी केंद्रीय कायदा १९७४ चा आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून अमलात आला आणि भूजलाच्या गुणवत्तेचे रक्षणही त्याने शासनाकडे सोपविले. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानकही स्पष्ट आहे: विरघळलेले क्षार प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालतील. हा शेवटचा सवलतीचा भाग अडचणीच्या प्रसंगासाठी आहे. परंतु खारपाणपट्ट्यातील शेतमजुराच्या पिढ्याच्या पिढ्या त्या ‘दुसरा स्रोत नसेल तर’ या पोटवाक्यातच जगत आल्या आहेत. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्यासाठी नियम आणि ज्याच्यापाशी नाही त्याच्यासाठी अपवाद, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होतो. नायट्रेटच्या बाबतीत तर मानकाने ४५ मिलिग्रॅमच्या पुढे कोणतीही सवलत दिलेली नाही.

तपासण्या होतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेतात, गावांना लाल, पिवळी, हिरवी कार्डे दिली जातात, जलजीवन मिशनमध्ये गावातील महिलांना तपासणी संचही देण्यात आले आहेत. पण कार्डाचा रंग मुख्यतः स्रोताच्या परिसराची स्वच्छता व पाण्याचे निर्जंतुकीकरण यांवर ठरतो. गावाला हिरवे कार्ड आणि विहिरीला खारे पाणी, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. ब्लीचिंग पावडरने जंतू मरतात, क्षार हटत नाहीत. पाणी उकळल्याने तर ते अधिकच दाट होतात. शिवाय निकाल संगणकात जातात, गावाच्या चावडीवर येत नाहीत.

शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा या व्यवस्थेची परीक्षा झाली. पहिला संशय पाण्यावर गेला. धावपळीने नमुने नेण्यात आले. क्षार व नायट्रेट मर्यादेबाहेर असल्याच्या वार्ता आल्या. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखविले. दोष गव्हाचा असो वा आणखी कशाचा, एक गोष्ट निर्विवाद आहे. या गावांच्या पाण्याची ऋतुवार नोंद आधीपासून हाताशी असती, तर पाण्यात काही नवे घडले की ते नेहमीचेच होते, हे चार दिवसांत सांगता आले असते. मूत्रपिंडाच्या विकारांचेही तेच. खारपाणपट्ट्यातील लोक वर्षानुवर्षे पाण्याला दोष देत आहेत. आंध्रातील उद्दानम भागाचा अनुभव सांगतो की अशा रोगाचे कारण घाईने ठरविता येत नाही. परंतु कारण सिद्ध झालेले नाही, ही गोष्ट नोंद न ठेवण्याची सबब होऊ शकत नाही.

नोंदीच्या अभावी जी पोकळी राहिली ती बाजाराने भरली. गावोगाव पाणी शुद्ध करण्याची यंत्रे बसली आणि घरोघरी जार आले. जार वीस रुपयांचा आणि रोज एक धरला, तर वर्षाचे ७,३०० रुपये होतात. तीनशे रुपये रोज मिळविणाऱ्या मजुराच्या दृष्टीने ही चोवीस दिवसांची मजुरी झाली. ही एक प्रकारची पाणीपट्टीच आहे. फरक इतकाच की ती ग्रामपंचायतीला नव्हे, खाजगी विक्रेत्याला जाते आणि गरिबाकडून व श्रीमंताकडून सारखीच घेतली जाते. शिवाय यंत्रातून बाहेर पडणारे अधिक खारे पाणी नालीत जाते व पुन्हा त्याच जमिनीत मुरते. नफा एकाचा, क्षार सगळ्यांचे!

येथे कार्यकर्ता विचारील: अहवाल पुष्कळ झाले, लोकांना पाणी हवे, अभ्यासाचे नाव घेऊन सरकारला आणखी मुदत कशाला द्यावी? शंका रास्त आहे. वान धरणाचे पाणी जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील १४० गावांना देण्याची योजना आहे. तिचे पाणी प्रत्येक नळाला नियमित मिळाले पाहिजे, ही मागणी क्षणभरही सोडता कामा नये. परंतु नळ कोरडा पडला की माणसे त्याच विहिरीकडे वळतात. गुरे तर नाल्यावरच जातात. आकडे हाती नसलेली मागणी अधिकारी एका वाक्यात परतवून लावतो. आकडे असलेली मागणी त्याला फाइलवर घ्यावीच लागते.

म्हणूनच असा अभ्यास सोनाळ्यापासून सुरू व्हावा. नाला डोंगरातून बाहेर पडतो तेथे, गावापाशी आणि खतांवर पिकणारी शेते ओलांडल्यावर, अशा तीन ठिकाणी त्याचे पाणी घ्यावे. पायथ्यापासून पूर्णेपर्यंत एका ओळीतील विहिरींची पातळी, क्षार, क्लोराइड, कठीणपणा, नायट्रेट व फ्लोराइड यांची नोंद मे महिन्यात आणि पावसाळा सरल्यावर, अशी वर्षातून दोनदा व्हावी. पावसाळ्यानंतर नाला वाहतो तो मुरलेल्या पाण्याच्या जोरावर. म्हणजे विहीर आणि नाला ही एकाच खात्याची दोन पाने आहेत. गोड्या पट्ट्यात बेसुमार उपसा झाला तर खालच्या गावांकडे जाणारे गोडे पाणी किती कमी होते, हेही यातूनच कळेल. तो प्रश्न वरच्या व खालच्या शेतकऱ्यांत भांडण लावण्याचा नव्हे. दोघांच्या एकाच ठेवीचा हिशेब मांडण्याचा आहे.

खर्च शासनाने करावा, तपासणी शासकीय प्रयोगशाळेने करावी. पण नमुना घेताना गावची माणसे हजर असावीत आणि प्रत्येक निकाल ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत लिहिला जावा. विज्ञान महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना या कामात घेता येईल. पक्षाच्या प्रत्येक शाखेने येत्या ग्रामसभेत मागील निकालांच्या प्रती मागाव्यात आणि त्या एका वहीत उतरवून ठेवाव्यात. हे काम मोर्चासारखे गाजणार नाही. परंतु पुढच्या मोर्चाच्या हाती काय असेल, हे त्या वहीवर ठरेल.

१९२७ साली महाडला पाण्याला स्पर्श करण्याचा हक्क बजावण्यात आला. आपण पितो त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क मात्र अजून बजवावयाचा आहे.