किनाऱ्याचा उकाडा आणि पठारावरचा मजूर

धारवाडच्या पश्चिमेस, गोव्याकडे येणाऱ्या रस्त्यालगत केलगेरी आहे. तेथील ऊन कडक, पण कोरडे. घाम येतो आणि वाऱ्याने सुकतो. या परिसरातला मजूर घाट उतरून गोव्यात बांधकामावर येतो, तेव्हा पारा बहुधा खाली आलेला असतो. धोका मात्र वाढलेला असतो. दमट हवेत घाम अंगावरच राहतो आणि तो सुकल्यावाचून शरीर निवत नाही. म्हणूनच हवामान खाते उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी प्रदेशात ४० अंशांची, तर किनाऱ्यावर ३७ अंशांचीच मर्यादा धरते. खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी 'महाराष्ट्र भूषण' सोहळ्यानंतर १४ जण दगावले, त्या दिवशीचा पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भात असा दिवस कोणाच्या लक्षातही राहिला नसता.

त्याच वर्षी ९ व १० मार्चला गोव्यातील शाळा दुपारपूर्वी सोडण्यात आल्या. ते योग्यच झाले. मात्र स्लॅबवर उभ्या असलेल्या माणसासाठी अशी घंटा वाजत नाही. नव्या हवेला सरावण्यास शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि जोखीम सर्वाधिक असते ती पहिल्या काही दिवसांत. नवख्याला पहिल्या दिवशी उन्हातले काम एक पंचमांशच द्यावे आणि रोज तितकेच वाढवावे, अशी अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे नवा गडी पहिल्याच दिवशी पुरी हजेरी भरतो. अर्धी भरली तर अर्धीच मजुरी मिळते. खरी अडचण येथे आहे.

पायात गोळे येणे, डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे हे आधीचे इशारे. तेवढ्यावर सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी बहुधा पुरते. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळी 'प्यालेला दिसतो' म्हणून त्याला बाजूला निजवले जाते. हुर्राकाच्या दिवसांत तर हा समज चटकन पटतो. अंग कोरडे पडलेच पाहिजे, हाही गैरसमज आहे. कष्टाच्या कामात उष्माघात झालेला माणूस घामाने निथळत असू शकतो.

१०८ला फोन करावा, पण रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर गार पाणी ओतत राहावे, वारा घालावा, काखेत, मानेवर आणि जांघेत बर्फ ठेवावा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी येथे निरुपयोगी असते. बांधकामावर पाण्याचे पिंप आणि नळी असतेच, स्लॅबवर मारण्यासाठी.